चार्टर शाळा, डिस्ट्रिक्टची शाळा आणि अपयशाचं खापर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी पालकांकडून हे प्रश्न दर हिवाळ्यात, म्हणजे चार्टर शाळांच्या सोडती जवळ आल्या की, हमखास येतात. शाळांचे नियम राज्यागणिक बदलतात. इथे न्यू जर्सीचे दाखले जास्त आहेत, कारण मराठी घरं तिथे दाट आहेत. इतर राज्यांची नावं त्या त्या ठिकाणी दिली आहेत.

चार्टर शाळा म्हणजे खासगी शाळा का?

नाही. तिथे फी नसते, प्रवेशपरीक्षा नसते आणि धर्मशिक्षणही नसतं. पैसा सरकारी असतो, पण शाळा स्कूल डिस्ट्रिक्ट (गावातल्या सरकारी शाळा स्थानिक मंडळामार्फत चालवणारी यंत्रणा) चालवत नाही. ती चालवणारं विश्वस्त मंडळ वेगळं असतं. हे मंडळ मंजुरी देणाऱ्या संस्थेशी करार करतं: काय शिकवणार, किती निकाल दाखवणार, पैसा कसा सांभाळणार. या करारालाच चार्टर म्हणतात. न्यू जर्सीत मंजुरी राज्याचे शिक्षण आयुक्त देतात. पहिला करार ४ वर्षांचा असतो आणि पुढचं नूतनीकरण ५ वर्षांचं. निकाल किंवा हिशोब बिघडला तर करार संपतो आणि शाळा बंद होते.

महाराष्ट्रातल्या माणसाला जवळचं उदाहरण अनुदानित शाळेचं: पगार सरकारचा, कारभार संस्थेचा. फरक दोन आहेत. अनुदानित शाळेतल्या शिक्षकाला १९७७ च्या कायद्याचं सेवासंरक्षण आहे, तर चार्टरमधल्या बहुतेक शिक्षकांना तसं काही नाही. शिवाय अनुदानित शाळेच्या डोक्यावर दर पाच वर्षांनी नूतनीकरणाची तलवार नसते.

धर्माचा मुद्दा अलीकडे पुन्हा निघाला होता. ओक्लाहोमात एका कॅथलिक चार्टरला मिळालेली मंजुरी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ४ विरुद्ध ४ मतं पडली, त्यामुळे राज्य न्यायालयाचा निकाल कायम राहिला.

न्यूयॉर्कच्या स्टायव्हेसंट हायस्कूलसारखी प्रवेशपरीक्षा घेणारी शाळा चार्टर असते का?

नाही, ती डिस्ट्रिक्टचीच शाळा. ‘निवडक मुलांची चांगली शाळा म्हणजे चार्टर’ हा आपल्याकडचा सर्रास गैरसमज आहे. चार्टरमध्ये जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्याच टाकाव्या लागतात.

ही कल्पना मुळात कोणाची?

‘चार्टर’ हा शब्द रे बड या प्राध्यापकांचा. कल्पना देशभर नेली ती अल्बर्ट शँकर यांनी, १९८८ मध्ये, आणि शँकर हे शिक्षक संघटनेचे अध्यक्ष होते! शिक्षकांनी छोट्या शाळांत नवे प्रयोग करावेत आणि जमलेलं बाकीच्या शाळांनी उचलावं, असं त्यांच्या मनात होतं. पहिला कायदा मिनेसोटाने १९९१ मध्ये केला आणि पहिली शाळा १९९२ मध्ये सेंट पॉलला उघडली. पुढे काही वर्षांतच शँकर स्वतः या वाटेचे टीकाकार झाले. आज साधारण ३७ लाख मुलं चार्टरमध्ये आहेत, म्हणजे सरकारी पैशावर शिकणाऱ्या दर १३-१४ मुलांत एक.

निकाल कोणाचे चांगले?

एका शब्दात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या केंद्राने तीन मोठे अभ्यास केले आहेत. २००९ मध्ये गणितात १७ टक्के चार्टर शाळा शेजारच्या डिस्ट्रिक्ट शाळांपेक्षा सरस निघाल्या, ३७ टक्के मागे होत्या आणि उरलेल्यांत फरक दिसला नाही. २०१३ मध्ये चित्र सुधारलं. २०२३ च्या अभ्यासात चार्टरची मुलं वाचनात वर्षाला सरासरी १६ दिवसांच्या शिकण्याइतकी पुढे होती आणि गणितात ६ दिवसांइतकी. शाळेचं वर्ष १८० दिवसांचं. त्यात गणितातले सहा दिवस म्हणजे फार मोठी उडी नव्हे.

पण सरासरीच्या पोटात दोन टोकं आहेत. बॉस्टनमध्ये सोडत लागलेली आणि न लागलेली मुलं शेजारी ठेवून अभ्यास झाले. ही तुलना जास्त भरवशाची, कारण दोन्हीकडच्या पालकांनी अर्ज केलेला असतो, म्हणजे घरची कळकळ सारखीच. तिथे चार्टरचा फायदा मोठा दिसला. दुसरं टोक ऑनलाइन चार्टरचं. २०१५ च्या अभ्यासात ही मुलं वाचनात ७२ दिवसांनी मागे होती, आणि गणितात १८० दिवसांनी. म्हणजे गणितात अख्खं वर्ष शिकलंच नाही असा हिशोब! घरी एखादा मोठा माणूस दिवसभर शेजारी बसू शकत नसेल, तर लहान मुलाला ऑनलाइन चार्टरमध्ये घालू नका, असंच आम्ही सांगू.

शाळेच्या पाटीवर चार्टर लिहिलं आहे की डिस्ट्रिक्टचं नाव, यावरून वर्गात काय चालतं ते कळत नाही. एकेक शाळा वेगळी पाहावी लागते.

‘आमची १०० टक्के मुलं कॉलेजात जातात’ या जाहिरातीत काय पाहायचं?

नववीचा पट आणि त्याच तुकडीचा बारावीचा पट. समजा नववीत १२० मुलं होती, बारावीत ६२ उरली आणि ६२ च्या ६२ कॉलेजात गेली. जाहिरात खोटी नाही, पण ५८ मुलं कुठे गेली हा प्रश्न उरतोच. काही घर बदलून गेली असतील. काहींना वारंवार घरी पाठवून, पालकांना रोज दुपारी फोन करून, ‘ही शाळा तुमच्या मुलासाठी योग्य नाही’ असं सुचवून बाहेर काढलेलं असू शकतं. काही चार्टर शाळा ठरावीक इयत्तेनंतर रिकाम्या झालेल्या जागा भरतच नाहीत. डिस्ट्रिक्टच्या शाळेला ती सोय नाही. फेब्रुवारीत दारात आलेलं मूलही तिला घ्यावंच लागतं.

राज्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक शाळेचा अहवाल मिळतो. त्यात तीन गोष्टी बघा: इयत्तावार पट, निलंबनांचं प्रमाण आणि ‘ग्रोथ’, म्हणजे तेच मूल वर्षभरात किती पुढे सरकलं. नुसत्या उत्तीर्णांच्या टक्केवारीवरून शाळेपेक्षा परिसरातल्या घरांचं उत्पन्नच जास्त कळतं.

चार्टर शाळा डिस्ट्रिक्टचे पैसे नेतात का?

नेतात, आणि ते मुलामागे जावेत असंच कायद्यात लिहिलेलं आहे. अडचण येते ती खर्च तितक्या वेगाने कमी होत नाही म्हणून. एक हिशोब मांडून पाहा. बालवर्ग ते पाचवी अशा सहा इयत्ता, प्रत्येकीच्या तीन तुकड्या, तुकडीत २४ मुलं. एकूण ४३२. त्यातली ३६ चार्टरमध्ये गेली, प्रत्येक तुकडीतून दोन. मुलामागे १५,००० डॉलर धरले तर ५,४०,००० डॉलर गेले. वाचलं काय? पुस्तकं आणि थोडं जेवण. तुकड्या अठराच राहिल्या, शिक्षक अठराच, बॉयलर तोच, बसची फेरी तीच, निवृत्त शिक्षकांच्या पेन्शनचं ओझं तेच. ३६ मुलं एकाच इयत्तेतून गेली असती तर एक तुकडी मिटवता आली असती, पण तसं कधी घडत नाही.

मग पहिला घाला संगीत, वाचनालय आणि समुपदेशक यांच्यावर पडतो. ते पाहून आणखी पालक निघतात. शेवटी इमारत बंद करायची वेळ येते. शिकागोने २०१३ मध्ये एका फटक्यात जवळपास ५० शाळा बंद केल्या. त्यामागे वस्ती घटणं हेही मोठं कारण होतं, सगळा बोल चार्टरला लावता येत नाही.

चार्टरवाल्यांची उलट तक्रारही खरी आहे: अनेक राज्यांत त्यांना मुलामागे पूर्ण रक्कम मिळत नाही आणि इमारतीसाठी वेगळा पैसा नसतो. भाडं वर्गखोल्यांच्याच पैशातून जातं. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा बदलला, आणि आता नव्या चार्टरने डिस्ट्रिक्टच्या तिजोरीवर काय परिणाम होईल, हे स्थानिक मंडळाला विचारात घेता येतं. आमच्या मते हे फार आधी व्हायला हवं होतं.

डिस्ट्रिक्टची शाळा नापास होते ती शिक्षकांमुळे का?

शिक्षक महत्त्वाचा आहेच, पण तो कुठे टिकतो हे पैसा ठरवतो. शाळेच्या पैशातला संघराज्याचा वाटा साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतो. बाकीचा राज्य आणि गाव मिळून उचलतात, आणि गावाचा भाग मुख्यतः घरपट्टीतून येतो. महागड्या घरांच्या गावाला कमी दराने जास्त पैसा जमतो. १९७३ मध्ये सॅन अँटोनियोच्या गरीब डिस्ट्रिक्टमधल्या पालकांचं या विषमतेविरुद्धचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ४ असं हरलं. शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असं न्यायालय म्हणालं. त्यानंतर हा लढा राज्याराज्यांच्या न्यायालयांत गेला. न्यू जर्सीतल्या अ‍ॅबट खटल्यामुळे गरीब शहरांच्या शाळांना राज्याचा जास्त पैसा मिळू लागला.

पण पैसा आला की काम झालं, असंही नाही. अटलांटाचं उदाहरण बघा. गुण वाढवण्याचा दबाव इतका होता की मुलांच्या उत्तरपत्रिकांवरची चुकीची उत्तरं खोडून बरोबर केली गेली. खोडरबराच्या खुणा यंत्राने मोजल्या तेव्हा चुकीचं खोडून बरोबर केलेल्या जागा काही वर्गांत अशक्य वाटाव्यात इतक्या निघाल्या. २०११ च्या सरकारी चौकशीत ४४ शाळा आणि १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं आली. २०१५ मध्ये ११ जण दोषी ठरले. ज्या मुलांना वाचता येत नव्हतं, त्यांच्या कागदावर ‘उत्तीर्ण’ लिहिलं गेलं आणि त्यामुळे त्यांना मिळायला हवी होती ती जादा शिकवणी मिळालीच नाही. हा दोष डिस्ट्रिक्टच्या कारभाराचा. त्याचबरोबर २०१४ पर्यंत देशातलं १०० टक्के मूल उत्तीर्ण झालंच पाहिजे असा कायदा २००२ मध्ये करणाऱ्यांचाही.

आणि चार्टर बुडते ती कशाने?

बहुतेक वेळा पट आणि पैशाने. पहिल्या वर्षी ३०० मुलं धरून अंदाजपत्रक केलं आणि आली २१०, की ऑक्टोबरमध्येच पगाराची ओढाताण सुरू होते. दुसरं कारण इमारतीचं भाडं. काही ठिकाणी शाळा चालवणाऱ्या कंपनीचीच बहीण-कंपनी इमारतीची मालक असते, म्हणजे भाडं ठरवणारा आणि घेणारा एकच. विश्वस्त मंडळाने हे नीट तपासलं नाही तर वर्गातला पैसा जागेत जिरतो. मिशिगनमध्ये बहुतेक चार्टर नफा कमावणाऱ्या कंपन्या चालवतात. कॅलिफोर्नियाने २०१९ पासून तशा कंपन्यांना मनाई केली.

तिसरं कारण खोटा पट. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०११ ची पटपडताळणी ज्यांना आठवते, त्यांना हे वेगळं समजावायला नको. ओहायोत इकॉट नावाच्या ऑनलाइन चार्टरने २०१५-१६ साठी १५,००० हून जास्त पूर्णवेळ मुलांचे पैसे घेतले. लॉग-इनच्या नोंदी तपासल्यावर राज्याला सुमारे ६,३०० मुलांचाच पुरावा सापडला. परतफेडीचा आकडा ८ कोटी डॉलरच्या घरात गेला आणि जानेवारी २०१८ मध्ये, वर्षाच्या मध्यावर, शाळा बंद झाली. जवळपास १२,००० मुलांना नवी शाळा शोधावी लागली. ही शाळा २००० पासून चालू होती. इतकी वर्षं हजेरी कशी मोजायची हा नियमच सैल ठेवला, तो ओहायोच्या विधिमंडळाने.

न्यू ऑर्लिन्सचं काय झालं?

दोन्ही बाजू हे शहर आपापल्या पुराव्यासाठी वापरतात. २००५ च्या कत्रिना वादळानंतर लुइझियाना राज्याने शंभरावर शाळा ताब्यात घेतल्या आणि हळूहळू चार्टरना दिल्या. ७,००० हून जास्त कर्मचाऱ्यांची नोकरी गेली, त्यात हजारो शिक्षक होते आणि त्यातले बहुतेक कृष्णवर्णीय. पुढच्या दशकात मुलांचे गुण, हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचं आणि कॉलेजात जाणाऱ्यांचं प्रमाण ठळकपणे वाढलं. प्रत्येक मुलामागचा खर्चही वाढला होता, आणि वाईट शाळा वेळेवर बंद करून नव्या संस्थेकडे दिल्या गेल्या. दुसरीकडे घराजवळची शाळा ही गोष्टच मोडली. लहान मुलं पहाटे बसची वाट पाहू लागली. २०१८ मध्ये शाळा पुन्हा स्थानिक मंडळाच्या देखरेखीखाली आल्या आणि २०२४ मध्ये मंडळाने बऱ्याच वर्षांनी स्वतः चालवायची एक शाळा उघडली. निकाल सुधारले हे खरं, आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांना कोणी विचारलं नव्हतं हेही खरं.

मग दोष द्यायचा कोणाला?

ज्याच्या हातात तो निर्णय होता त्याला. आम्ही पालकांना एकच सवय लावायला सांगतो: ‘शाळा वाईट आहे’ असं न म्हणता काय बिघडलं ते एका वाक्यात लिहा आणि तो धागा मागे ओढत जा.

उदाहरणार्थ: ‘सातवीला डिसेंबरपर्यंत गणिताचा कायम शिक्षक नाही, बदली शिक्षक येतात.’ जागेची जाहिरात कधी निघाली? जूनमध्ये राजीनामा आला आणि जाहिरात सप्टेंबरमध्ये निघाली असेल तर दोष मुख्याध्यापकाचा किंवा डिस्ट्रिक्टच्या कार्यालयाचा. वेळेवर निघाली पण पगार शेजारच्या गावापेक्षा दहा हजार डॉलरने कमी म्हणून कोणी आलंच नाही, तर प्रश्न अंदाजपत्रकाचा, म्हणजे मंडळाचा आणि राज्याच्या निधीसूत्राचा. शिक्षक आला पण ऑक्टोबरमध्ये सोडून गेला, असं सलग तीन वर्षं झालं, तर शाळेच्या व्यवस्थापनाचा. चार्टरमध्ये हेच घडत असेल आणि नूतनीकरणाच्या अहवालात त्याचा उल्लेखही नसेल, तर मंजुरी देणाऱ्याचा. वर्गातल्या शिक्षकाच्या वाट्याला यातलं फार थोडं येतं, पण पालकसभेत सगळे तुटून पडतात ते त्याच्यावर, कारण समोर तोच बसलेला असतो. हे थांबायला हवं.

मुलाला विशेष शिक्षणाची गरज आहे. चार्टर नाही म्हणू शकते का?

नाही. १९७५ पासूनचा विशेष शिक्षणाचा कायदा चार्टरलाही लागू आहे. मागणी तोंडी करू नका. तारीख घालून लेखी द्या आणि प्रत ठेवा. संघराज्याच्या नियमाने तुमच्या संमतीनंतर ६० दिवसांत मूल्यमापन व्हायला हवं. राज्याची स्वतःची मुदत असेल तर ती लागते. सोडतीआधी शाळेला विचारा: वाचा-उपचार करणारी व्यक्ती शाळेतच आहे की आठवड्यातून एकदा बाहेरून येते? छोट्या चार्टरमध्ये खरी अडचण इथेच येते.

प्रवेशाच्या फॉर्मवर ‘घरात कोणती भाषा बोलता’ याला मराठी लिहिलं तर नुकसान होतं का?

नाही, खरं तेच लिहा. मराठी लिहिलं की मुलाची इंग्रजीची छोटी चाचणी होते. जादा इंग्रजीची गरज दिसली तर शाळेने वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत तुम्हाला कळवायचं असतं. तो जादा वर्ग तुम्ही नाकारू शकता, वार्षिक भाषाचाचणी मात्र चुकत नाही. डिस्ट्रिक्ट आणि चार्टर, दोन्हीकडे हेच. भारतातून नुकतेच आला असाल तर लसीकरणाचं कार्डही तपासून घ्या: नवव्या महिन्यात दिलेला गोवराचा डोस इथे धरत नाहीत, पहिल्या वाढदिवसानंतरचाच मोजतात. सरकारी दवाखान्यातल्या लसीत गालगुंड नसतं, तेही इथे लागतं.

डिसेंबर-जानेवारीत महिनाभर भारतात गेलो तर?

बहुतेक राज्यांत वर्षाच्या दहा टक्के दिवस, म्हणजे १८० पैकी १८, गैरहजर राहिलेलं मूल ‘सतत गैरहजर’ म्हणून मोजलं जातं, कारण काहीही असो. हा आकडा शाळेच्या मूल्यमापनात जातो. पाच-सहा मराठी घरं एकाच शाळेतून अशी गेली तर त्याचा भार शाळेवर पडतो. शिवाय काही ठिकाणी सलग ठरावीक दिवस न आल्यास नाव पटावरून काढतात. डिस्ट्रिक्टच्या शाळेत परत प्रवेश मिळतोच. चार्टरमध्ये ती जागा प्रतीक्षायादीतल्या मुलाला गेलेली असू शकते. तिकीट काढण्याआधी कार्यालयाकडून नियम लेखी घ्या.

तक्रार कुठे करायची?

आधी शिक्षक, मग मुख्याध्यापक, दोन्ही वेळा ई-मेलने. उत्तर नाही आलं तर मंडळाची बैठक गाठा. चार्टरच्या विश्वस्तांनाही न्यू जर्सीत खुली बैठक घ्यावी लागते. बोलायला साधारण तीन मिनिटं मिळतात, म्हणून एकच मुद्दा न्या. हिशोब, करार, भाड्याची कागदपत्रं हवी असतील तर राज्याच्या माहिती कायद्याखाली अर्ज करा. न्यू जर्सीत सर्वसाधारण मुदत सात कामकाजाच्या दिवसांची आहे. त्यानंतर चार्टरसाठी मंजुरी देणारी संस्था, डिस्ट्रिक्टसाठी राज्याचं शिक्षण खातं. वंश, मूळ देश किंवा अपंगत्वावरून भेदभाव झाला असेल तर संघराज्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे घटनेपासून १८० दिवसांत तक्रार द्यावी लागते. २०२५ मध्ये तिथलं मनुष्यबळ बरंच कमी करण्यात आलं, तेव्हा राज्याकडेही सोबतच अर्ज टाका.

चार्टर वर्षाच्या मध्येच बंद झाली तर?

डिस्ट्रिक्टला मूल घ्यावंच लागतं, व्हिसा कुठलाही असो. बंद होण्याची कुजबुज कानावर आली त्याच आठवड्यात शाळेकडून चार कागद मागून घ्या: गुणपत्रकांची सही-शिक्क्याची प्रत, लसीकरणाची नोंद, असल्यास विशेष शिक्षणाचा आराखडा, आणि हायस्कूलचं मूल असेल तर आतापर्यंत मिळालेल्या क्रेडिटची, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांच्या नोंदीची, यादी. कार्यालयातली माणसं निघून गेल्यावर हे कागद मिळवायला महिने लागतात. क्रेडिटचा कागद नसेल तर मुलाला अकरावीत पुन्हा दहावीचं गणित करायला बसवलं जाऊ शकतं.